उत्तरेच्या उजेडात चौदाशे किलोमीटर

कंपवाताच्या रुग्णाने दूरच्या प्रवासाला निघावे काय, हा प्रश्न आमच्या घरी दर उन्हाळ्यात निघे आणि "पुढच्या वर्षी पाहू" या उत्तरावर मिटे. यजमानांच्या आजाराला आता 9 वर्षे झाली. त्यांचे वय 74, माझे 69. हा आजार माणसाला एकाएकी अंथरुणाला खिळवत नाही. तो त्याच्याभोवतीची जागा हळूहळू आखडत नेतो. प्रथम परगावची लग्नकार्ये सुटली, मग नाटक सुटले, मग सकाळचे फिरणे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत येऊन ठेपले. यातले आजारामुळे किती आणि घरच्यांच्या धास्तीमुळे किती, हे सांगणे अवघड.

अशा प्रवासात अडचणी तशा तीनच असतात, पण तिन्ही मोठ्या: ठरल्या वेळी गोळी, हाकेच्या अंतरावर शौचालय आणि पाठ टेकायला ओळखीचा बिछाना. आमची मुलगी व जावई कॅनडात एडमंटनला असतात. आम्ही त्यांच्याकडे गेलो असताना जावयांनी जूनमध्ये उत्तरेकडे, युकॉन प्रदेशातील व्हाइटहॉर्सपर्यंत 'आरव्ही'ने जाण्याची कल्पना मांडली. आरव्ही म्हणजे मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेले छोटे घरच. आमचे 25 फुटांचे होते. त्यात गॅसची शेगडी, शीतकपाट, शौचालय, मागे एक पलंग आणि चालकाच्या डोक्यावर पोटमाळ्यासारखा दुसरा बिछाना. तो नातीने पहिल्याच दिवशी बळकावला. तिन्ही अडचणींचे उत्तर चाकांवर घालून बरोबर नेता येते हे पाहून यजमान म्हणाले, "मग चला की. आता कारण कोणते देणार?"

तरीही घर अरुंद होते. कंपवातात अरुंद दारापाशी पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. मनात चालायचे असते, पण पाऊल उचलत नाही. आमच्या पुण्याच्या फिजिओथेरपिस्टनी यावर एक साधा उपाय शिकवला आहे: जमिनीवर आडव्या रेघा असल्या की डोळे त्या रेघेला पाहतात आणि पाय ती ओलांडतो. घरातल्या बोळात आम्ही पिवळी चिकटपट्टी लावली आहे. तीच पट्टी मी आरव्हीच्या शौचालयाच्या दारात आणि चढण्याच्या पायऱ्यांवर लावली. मुलीने दाराशी एक जादा दांडी बसवून घेतली. गाडी चालू असताना मात्र सर्वांनी पट्टा बांधून आसनावरच बसायचे. घर असले तरी ते धावते घर आहे, त्यात चालत्या गाडीत पलंगावर पडून राहणे धोक्याचे, हे जावयांनी पहिल्या दिवशीच बजावले.

अलास्का महामार्ग ब्रिटिश कोलंबियातील डॉसन क्रीक या गावी सुरू होतो. गावाच्या मध्यावर शून्य मैलाचा खांब आहे. तेथून व्हाइटहॉर्स सुमारे 1,400 किलोमीटर. यजमान 32 वर्षे रस्तेबांधणीच्या नोकरीत होते. घाटातले रस्ते हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यामुळे या महामार्गाची कथा त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होती. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या भीतीने अमेरिकेने 1942 च्या मार्चमध्ये हे काम हाती घेतले आणि ऑक्टोबरात रस्ता जोडला गेला. 10,000 हून अधिक सैनिक या कामावर होते. त्यांत सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. उत्तरेत जमिनीखाली बारमाही गोठलेला थर असतो. वरचे शेवाळ आणि झाडोरा खरवडून काढला की तो थर वितळतो आणि रस्त्याचा चिखल होतो. यंत्रे त्यात रुतून बसत. मग अभियंत्यांनी झाडोरा तसाच ठेवून त्यावर झाडांचे ओंडके आडवे अंथरले आणि त्यांवरून रस्ता नेला. "ओंडके आडवेच हवेत, उभे घातले की चाक घसरते," असे यजमानांनी नातीला दोन काड्या घेऊन दाखवले. हात थरथरत होता, पण समजावणे पूर्वीचेच होते.

दिवसाला 300 किलोमीटरपेक्षा अधिक जायचे नाही असे आम्ही ठरवले होते. एकच टप्पा नाइलाजाने त्याहून लांबला. गोळ्या दर चार तासांनी असतात. एडमंटन व डॉसन क्रीक यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात तासाभराचा फरक पडतो. त्यावर उपाय म्हणून यजमानांच्या मनगटावरचे घड्याळ आम्ही एडमंटनच्याच वेळेवर ठेवले. ते गोळ्यांचे घड्याळ. बाकीच्यांनी आपापली घड्याळे स्थानिक वेळेला लावली. लेव्होडोपा हे औषध प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतले तर त्याचे शोषण कमी होते, म्हणून आमच्याकडे गोळी आणि जेवण यांत अर्ध्या तासाचे अंतर असते, आणि डाळ, मासे, अंडी यांचा भर संध्याकाळच्या जेवणावर. दुपारी भात, भाजी, ताक. हे आमच्या डॉक्टरांनी यांच्यासाठी ठरवून दिलेले वेळापत्रक आहे; प्रत्येकाचे वेगळे असू शकते. प्रवासात बद्धकोष्ठ हा या रुग्णांचा दुसरा शत्रू. त्यासाठी रात्री भिजवलेले मनुके आणि सुके प्रून यांचा डबा गाडीत कायम हाताशी होता. प्रेशर कुकरची शिट्टी ऐकून शेजारच्या गाडीतील एक वृद्ध जोडपे एका संध्याकाळी धावत आले. काही फुटले असावे अशी त्यांची समजूत झाली होती. त्यांनी मुगाची खिचडी खाल्ली आणि आम्हाला रानबेरींचा मुरंबा दिला.

फोर्ट नेल्सनच्या पुढे रस्ता रॉकी पर्वतात शिरतो. समिट लेकपाशी तो 1,295 मीटरवर, म्हणजे या महामार्गावरील सर्वांत उंच जागी पोहोचतो. तेथून खाली मंचो सरोवर, हिरव्या काचेसारखे. कडेला रानमेंढ्या रस्त्यावर येऊन मातीतले क्षार चाटत होत्या आणि लिअर्ड नदीच्या अलीकडे रानगव्यांसारखे धिप्पाड बायसन. येथे गाडी हळू न्यावी लागते. यजमान खिडकीशी बसून सारे पाहत होते. गाडीतून पाहण्याला ते "पाहुण्यासारखे पाहणे" म्हणतात.

चालून पाहिले ते लिअर्ड येथे. लिअर्ड नदीची उन्हाळी कुंडे हे प्रांतिक उद्यान आहे. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा कोकणात उन्हवऱ्याला जशी गरम पाण्याची कुंडे आहेत तसेच हे, फक्त अवतीभवती देवळाऐवजी देवदारांचे अरण्य. वाहनतळापासून कुंडापर्यंत सुमारे 700 मीटर लांबीची फळ्यांची वाट आहे. पहिली वाट याच महामार्गाच्या सैनिकांनी 1942 मध्ये बांधली होती. वाट कोमट पाण्याच्या दलदलीवरून जाते. ही दलदल हिवाळ्यातही गोठत नाही, म्हणून इतक्या उत्तरेत येथे ऑर्किड फुलतात आणि जगात इतरत्र कोठेही न आढळणारी एक इवलीशी गोगलगाय येथे राहते.

700 मीटर जाणे व 700 मीटर येणे. पुण्यात यजमान 200 मीटरांनंतर थांबतात. आम्ही चाकांची खुर्ची बरोबर घेतली होती आणि ते तीत बसतील असे गृहीत धरून जावई ती उघडू लागले. यजमानांनी काठी टेकून पहिल्या फळीवर पाऊल ठेवले, मग दुसऱ्या. फळ्या आडव्या होत्या. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बोटभर काळी फट, म्हणजे रेघच. पावले लांब पडू लागली. नेहमी फरपटणारा डावा पाय उचलला जाऊ लागला. ते माझ्यापुढे दहा पावले गेले आणि मला, दोन वर्षांत प्रथमच, त्यांच्याबरोबर राहण्यासाठी भरभर चालावे लागले. खुर्ची रिकामीच मागून येत होती. वाटेत बाकावर दोनदा बसले, पण दोन्ही वेळा उठताना पाय खिळले नाहीत. "ओंडके आडवेच हवेत," ते मागे न पाहता म्हणाले. नातीला अर्थ कळला नाही, मला कळला.

यामागे चमत्कार काहीच नाही. चालणे हे एरवी मेंदूच्या ज्या भागाकडून आपोआप होते, तो भाग या आजारात दुबळा होतो. डोळ्यांना खूण मिळाली की मेंदू दुसऱ्या वाटेने पाय उचलून घेतो. आडव्या रेघांचा हा उपयोग फिजिओथेरपीत जुनाच आहे. तरी सपाट गुळगुळीत फरशीवर, स्वच्छ, उजळ, महागड्या दवाखान्यांच्या दालनांत यांना चालवताना जे जड जाते, ते एका दलदलीवरच्या जुन्या पद्धतीच्या लाकडी वाटेवर सहज व्हावे, याची मला गंमत वाटली. ज्येष्ठांसाठी घरे बांधणाऱ्यांनी एकदा तेथे जाऊन यावे.

कुंडातले पाणी मात्र हिशेबाने घ्यायचे. ते 42 ते 52 अंश सेल्सिअस असते आणि उगमाजवळ अधिक कढत. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात व रक्तदाब उतरतो. कंपवातात आणि त्याच्या औषधांनीही उभे राहताना रक्तदाब उतरण्याची प्रवृत्ती असतेच. दोन्ही एकत्र आले की घेरी ठरलेली. म्हणून यजमान थंड बाजूच्या पायरीवर बसले, गुडघ्यापर्यंत पाय सोडले, दहा मिनिटे झाल्यावर बाहेर आले, मिठाचे ताक घेतले आणि पंधरा मिनिटे बसून मगच उठले. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांनी तर अशा पाण्यात उतरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. शेजारी एक आजोबा गळ्यापर्यंत बुडून तासभर बसले होते. त्यांची प्रकृती त्यांना लखलाभ.

या प्रवासात सर्वांत मोठा त्रास झाला तो उजेडाचा. व्हाइटहॉर्सला जूनच्या शेवटच्या दहा दिवसांत सूर्य रात्री साडेअकराच्या सुमारास मावळतो आणि पहाटे साडेचारला पुन्हा उगवतो. मधल्या वेळेतही काळोख पडत नाही. तरुणांना याचे अप्रूप वाटते. वृद्धाच्या, त्यातही मेंदूच्या आजार असलेल्या वृद्धाच्या झोपेला मात्र तिन्हीसांज लागते. अंधार पडू लागला की शरीरात मेलॅटोनिन वाढते आणि झोपेची तयारी होते. उजेडात ते दबते. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी थरथर वाढते, मन गोंधळते. आम्ही तिन्हीसांज हातांनी तयार केली. सात वाजले की मागच्या खिडक्यांना स्वयंपाकाचा ॲल्युमिनियमचा कागद व त्यावर गडद टॉवेल, बॅटरीवरचा छोटा पिवळा दिवा, आणि बाहेर लख्ख ऊन असताना आत शुभंकरोती. नातीने पहिल्या दिवशी हसून विचारले, "आजी, दिवा लागला तरी दिवस कुठे गेलाय?" तिसऱ्या दिवसापासून सात वाजता तीच टॉवेल शोधू लागली. यजमान रात्री स्वप्नात हातपाय झाडतात, म्हणून पलंगाच्या कडेला उशांचा बांध घालून मी बाहेरच्या बाजूस निजत असे.

वॉटसन लेकच्या थोडे अलीकडे लोअर पोस्ट नावाची वस्ती आहे. येथे 1951 ते 1975 या काळात मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा होती. आईवडिलांपासून तोडून आणलेल्या मुलांना तेथे स्वतःची भाषा बोलायची बंदी असे. ती इमारत 2021 च्या जूनमध्ये पाडण्यात आली. आम्ही तेथे थांबलो नाही. पण गाडी पुढे जात असताना मी वयाचा हिशेब केला. त्या शाळेत नेलेली मुले आज आमच्याच वयाची आहेत. पुढे टेस्लिनला आणि व्हाइटहॉर्सला जे आजी-आजोबा भेटले, त्यांच्याकडे मी हा हिशेब मनात ठेवूनच पाहिले.

वॉटसन लेकचे फलकांचे अरण्य हे या मार्गावरचे प्रसिद्ध स्थळ. 1942 मध्ये कार्ल लिंडली नावाचा एक सैनिक दुखापतीमुळे येथे हलक्या कामावर होता. दिशादर्शक फलक दुरुस्त करताना त्याने इलिनॉय राज्यातील आपल्या डॅनव्हिल गावाचे नाव व अंतर लिहिलेली एक पाटीही ठोकली. मग येणारा-जाणारा आपल्या गावाची पाटी लावू लागला आणि आज तेथे 80,000 हून अधिक पाट्या आहेत. जगातील एवढे मोठे घराच्या आठवणींचे रान एका जखमी, घरची ओढ लागलेल्या मुलाच्या पाटीतून वाढले. आम्ही पाटी नेली नव्हती. यजमानांनी बराच वेळ शोधून एक देवनागरी अक्षरांची पाटी हुडकली. गावाचे नाव उन्हापावसाने पुसले गेले होते.

टेस्लिन हे लांबलचक सरोवराकाठचे छोटे गाव. येथील त्लिंगित लोकांचे वारसा केंद्र महामार्गालगतच आहे आणि बाहेर पाच कुळांचे पाच कोरीव खांब उभे आहेत. कुळ आईकडून मिळते. मूल आईच्या कुळाचे. महामार्ग आला तेव्हा या गावावर काय ओढवले ते तेथेच नीट कळते. सैनिक आणि कामगार यांच्याबरोबर 1942 आणि 1943 मध्ये गोवर, डांग्या खोकला, गालगुंड, कावीळ, मेंदूज्वर अशा साथी एकामागून एक आल्या. या रोगांची शरीराला ओळख नसलेले लोक अंथरुणावर पडले. ज्या रस्त्याचे यजमान पाच दिवस कौतुक करत होते, त्याची ही दुसरी बाजू त्यांनी फलकापुढे उभे राहून सावकाश, दोनदा वाचली. मग म्हणाले, "रस्ता कधी एकटा येत नाही." त्यानंतर गाडीत बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

पण या लोकांची कथा तेवढ्यावर संपलेली नाही. 1973 मध्ये एलायजा स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली युकॉनचे मूलनिवासी नेते ओटावाला जाऊन पंतप्रधानांना आपल्या हक्कांचा मसुदा देऊन आले. दोन दशकांच्या वाटाघाटींनंतर 1995 पासून टेस्लिनच्या त्लिंगितांचा कारभार त्यांच्याच हाती आहे आणि त्यात ज्येष्ठांची स्वतंत्र परिषद आहे. केंद्रात एक वृद्ध बाई मूसच्या कमावलेल्या कातड्यावर मणी शिवत बसल्या होत्या. यजमानांना येताना पाहून त्यांनी शेजारच्या मुलीला नुसती हनुवटीने खूण केली; मुलीने आपली खुर्ची रिकामी करून यांना दिली. कोणी "बिचारे" असा चेहरा केला नाही. बाईंनी यांच्या थरथरत्या हाताकडे पाहून मुलीच्या मार्फत विचारले, की सुई धरता येते का? यजमान म्हणाले, "सुई नाही, पेन्सिल येते." मग त्यांनी कागदावर आपल्या घाटातल्या एका वळणाचा नकाशा काढला आणि बाईंनी तो बराच वेळ न्याहाळला. सुमारे अर्धा तास त्या दोघांचे असे चालले होते. भाषा एकही नव्हती.

व्हाइटहॉर्सला आम्ही 20 जूनला पोहोचलो. युकॉन नदीवर सामन माशांसाठी बांधलेली 366 मीटरांची लाकडी मत्स्यशिडी आहे; पण बेरिंग समुद्राहून सुमारे 3,000 किलोमीटर पोहत येणारे ते मासे येथे जुलैअखेरीस किंवा ऑगस्टात पोहोचतात, त्यामुळे शिडी रिकामी होती. अलीकडे मासे इतके घटले आहेत की 2024 मध्ये अलास्का व कॅनडाने या नदीतील चिनूक सामनची मासेमारी सात वर्षे बंद ठेवण्याचे ठरवले. ज्यांचे जेवण, जत्रा आणि नातवंडांना द्यायचे शिक्षण सारे या माशाभोवती आहे, त्यांच्यासाठी सात वर्षे म्हणजे एका वृद्धाच्या उरलेल्या आयुष्यातला मोठाच भाग.

दुसऱ्या दिवशी, 21 जूनला, राष्ट्रीय मूलनिवासी दिन होता. युकॉनमध्ये 2017 पासून ही सार्वजनिक सुट्टी आहे. नदीकाठच्या क्वानलिन डून सांस्कृतिक केंद्रात ढोल, नाच आणि सर्वांसाठी जेवण होते. तेथे पंगतीचा नियम साधा आहे: ज्येष्ठांनी रांगेत उभे राहायचे नाही. तरुण मुले ताटे वाढून त्यांच्याकडे आणतात आणि त्यांचे जेवण सुरू झाल्याशिवाय इतरांनी रांग धरायची नाही. आम्ही परके, मागच्या बाकावर बसलो होतो. एक उंच तरुण आला आणि यांच्यापुढे ताट ठेवून गेला: भाजलेला सामन, बटाटे आणि बॅनक म्हणजे तळलेली जाडसर रोटी. मासा समुद्रकिनाऱ्याकडून आणला आहे, या नदीचा नाही, हेही त्याने सांगितले.

यांच्या मनगटावर पावणेदोन वाजले होते. दोनची गोळी, मग अर्धा तास, मग मासा. यजमान ताटाकडे पाहत, हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तरुण पुन्हा आला आणि काही चुकले का असे काळजीने विचारू लागला. मुलीने गोळीचे सांगितले. तो हसला, ताटावर दुसरे ताट झाकले आणि पलीकडे बसलेल्या एका आजोबांकडे बोट दाखवून म्हणाला, "ते माझे आजोबा. त्यांचेही झाकूनच ठेवलेय. इन्सुलिन."

त्या आजोबांनी आपल्या झाकलेल्या ताटावर बोटांनी ताल धरला होता. यांनी मान हलवून दाद दिली. अडीचपर्यंत दोघे समोरासमोर तसेच बसून होते, आणि मैदानावर ढोल चालू होता.

परतीला आम्ही तिघे आणि नात विमानाने आलो. जावई मित्राबरोबर गाडी घेऊन सावकाश आले. जाण्याची इच्छा असणाऱ्या वाचकांसाठी थोडे. या मार्गावर रुग्णालये विरळ आहेत: फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स, मधल्या शेकडो किलोमीटरांत बहुधा काही नाही आणि फोनलाही संपर्क मिळत नाही. औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, दुप्पट दिवसांची, मूळ वेष्टनात आणि औषधांच्या मूळ रासायनिक नावांच्या चिठ्ठीसह न्यावीत. परदेशी पाहुण्याला कॅनडात उपचाराचा खर्च स्वतः सोसावा लागतो, म्हणून विमा घेताना जुना आजार त्यात समाविष्ट आहे की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. आरव्हीचे सांडपाणी ठरावीक ठिकाणीच सोडावे लागते. ते काम तरुणांचे. आणि चिकटपट्टी पिवळीच घ्यावी. पांढरी उजेडात दिसत नाही.